पुराचं पाणी कुणाच्या दारात?

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' गेल्या वर्षी येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत घोर नाही, अशी अनेकांची समजूत असते. दोष त्या शब्दांचाच आहे. त्यांचा अर्थ एवढाच, की त्या पातळीचा पूर कुठल्याही एका वर्षात येण्याची शक्यता 1 टक्का आहे. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी नदी सूट देत नाही. अशा नदीकाठी घर घेऊन 30 वर्षं राहिलात, तर तो पूर एकदा तरी अंगणात येण्याची शक्यता 26 टक्के, म्हणजे जवळपास चारात एक. शिवाय हा हिशेब जुन्या नोंदींचा. हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. जुन्या वह्यांवर आता कितपत विसंबायचं?

पूर म्हटला की आधी सुचते ती नदीकाठची भिंत किंवा मातीचा बांध. लहानसहान पूर त्याने अडतात, यात शंका नाही. पण बांधाच्या आडची जमीन मग सुरक्षित वाटू लागते, तिथे घरं होतात, कारखाने येतात. एक दिवस बांधाच्या उंचीपेक्षा मोठा पूर येतो आणि पूर्वी जिथे नुसतं गवत बुडालं असतं तिथे अख्खी वस्ती बुडते. अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट हे 1940 च्या दशकापासून सांगत होते. बांध मात्र वाढतच गेले. त्यात नदीचं पात्र आवळलं की पाणी वर चढतं आणि समोरच्या काठावर किंवा वरच्या-खालच्या गावात घुसतं. आपल्या दारातून हटवलेलं पाणी दुसऱ्याच्या दारात जातं.

नेदरलँड्सला हे उमगलं ते 1995 मध्ये. नद्या इतक्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. बांध घालण्यात या देशाचा हात धरणारं कुणी नाही. तरी त्यांनी बांध नुसते उंच करत न बसता 30 हून अधिक ठिकाणी नदीला जागा परत द्यायचं ठरवलं. नाइमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध 350 मीटर मागे घेतला आणि नदीला एक जोडपात्र खणून दिलं. त्यासाठी सुमारे 50 घरं पाडली गेली. तिथल्या माणसांना ही गोष्ट गोड लागली असेल असं कुणी समजू नये.

ओव्हरडीपसे पोल्डर हा त्याच योजनेतला शेतीचा पट्टा. मास नदीला मोठा पूर आला की पाणी या शेतांत शिरू द्यायचं, म्हणजे आसपासच्या शहरांवरचा ताण कमी होईल, असा बेत होता. तेव्हा शेतकऱ्यांनीच तोड सुचवली: घरं आणि गोठे उंचवट्यांवर नेऊ, खालची शेतं बुडू देऊ. सुमारे 6 मीटर उंचीचे मातीचे उंचवटे रचले गेले आणि 8 कुटुंबं त्यांवर राहायला गेली. बाकीची मोबदला घेऊन दुसरीकडे गेली. शहर वाचवायला खेड्याने पाणी अंगावर घेणं जगात सगळीकडे चालतं, फक्त ते सहसा न विचारता होतं. मला या योजनेत त्या उंचवट्यांहून मोठं वाटतं ते हे, की इथे सौदा आधी आणि उघडपणे झाला.

शहराची अडचण वेगळी, तिथे पाण्याला थांबायला फुरसत नसते. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. मोकळ्या मातीत त्यातलं बरंचसं मुरतं. काँक्रीटवरून ते काही मिनिटांत गटारात येतं आणि गटार तुंबतं. 2 जुलै 2011 रोजी कोपनहेगनमध्ये काही तासांत एवढा पाऊस झाला आणि रस्त्यांच्या नद्या झाल्या. पुढच्याच वर्षी शहराने आराखडा केला: सगळ्या नळ्या मोठ्या करणं परवडणारं नाही, तेव्हा काही रस्त्यांनी पाणी वाहून न्यायचं आणि बागांनी ते अडवून धरायचं. एन्गहेवपार्कन या बागेत आता दोन कोटी लिटरांहून जास्त पाणी मावतं. एरवी तिथे मुलं खेळतात.

पण शेतात पाणी थांबवायचं तर पिकाचं काय? साधं भाताचं रोप बुडालं की हवेसाठी वर वर वाढतं आणि त्या धडपडीत साठवलेली साखर संपवून मरतं. ओडिशातल्या एका जुन्या वाणात मात्र रोपाला गप्प बसवणारं जनुक सापडलं. 2006 मध्ये त्याची ओळख पटली, नाव पडलं 'सब-वन-ए'. हे जनुक वाढ रोखून धरतं, पाणी ओसरलं की रोप पुन्हा फुटतं. संकरातून ते 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात आणलं आणि 2009 पासून 'स्वर्णा सब-1' भारतातल्या शेतकऱ्यांच्या हाती आहे. ते साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरतं. पाणी फार गढूळ असलं, किंवा त्याहून जास्त दिवस साचून राहिलं, तर तेही कुजतं.