कॅथेटर अ‍ॅब्लेशन

हृदयाची लय बिघडवणारा स्नायूचा नेमका तेवढाच भाग बारीक नळीच्या टोकाने जाळून किंवा गोठवून निकामी करायचा उपचार. नळी बहुतेक वेळा जांघेतल्या शिरेतून आत नेतात, छाती उघडावी लागत नाही.

पहिला मान कोणाचा यावर मतं वेगवेगळी आहेत. काहीजण १९७९ च्या सुमारासचं पॅरिस धरतात, तिथे फोंतेन वगैरेंच्या टीमने तपासणीत पेशंटला बाहेरून शॉक दिला, करंट आतल्या नळीतून हिस बंडलपाशी (वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विद्युत संदेश नेणारा धाग्यांचा जुडगा) गेला आणि कायमचा एव्ही ब्लॉक झाला, म्हणजे तो संदेश खाली जाणंच बंद झालं. पण तो अपघात होता, उपचार नव्हे. ठरवून केलेलं काम १९८२ मध्ये छापून आलं, सॅन फ्रान्सिस्कोचे शाइनमन आणि अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठाचे गॅलाघर यांनी वेगवेगळं केलेलं, त्यामुळे सुरुवात तिथून मोजणंच जास्त बरोबर वाटतं. तेव्हा डीसी शॉक, म्हणजे नळीतून एकदम जोरदार विजेचा झटका, वापरायचे, आत छोटा स्फोटच व्हायचा, भूल द्यावी लागायची. १९८७ मध्ये जर्मनीत बोर्गग्रेफे आणि सहकाऱ्यांनी माणसावर रेडिओफ्रीक्वेन्सी (उच्च वारंवारतेचा विद्युत प्रवाह) वापरली आणि चित्र बदललं, कारण यात टिश्यू साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की तो कायमचा मरतो, आणि डाग काही मिलिमीटरचाच राहतो.

सगळ्यात अवघड म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक जलद लय. हार्ट अटॅकनंतर जो व्रण राहतो त्यात जिवंत स्नायूचे काही धागे उरतात, त्यातून करंट हळू सरकत गोल फिरत बसतो, आणि व्हीटी चालू असताना बीपी पडलं तर मॅपिंगला, म्हणजे करंटचा मार्ग शोधायला, वेळच मिळत नाही, म्हणून आता लय नॉर्मल असतानाच व्रणाचा थ्रीडी नकाशा काढून ते धागे शोधतात. कधी दोष हृदयाच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असतो. ब्राझीलमध्ये चागास रोगाच्या (परजीवीमुळे होणारा, हृदयाला इजा करणारा आजार) पेशंटमध्ये हे बरंच दिसायचं, आणि तिथल्याच सोसा यांनी १९९६ मध्ये छातीच्या हाडाखालून सुई घालून पेरिकार्डियममध्ये (हृदयाभोवतीच्या पिशवीत) शिरायचा रस्ता दाखवला, ही फार मोलाची भर आहे.

जुना अटॅक, आयसीडी (धोकादायक लय आली की आपोआप शॉक देणारं शरीरात बसवलेलं यंत्र) बसवलेलं आणि औषध चालू असूनही व्हीटी येतोय अशा पेशंटवरच्या २०१६ च्या व्हॅनिश चाचणीत मृत्यू, व्हीटी स्टॉर्म (थोड्या वेळात व्हीटीचे वारंवार झटके) आणि आयसीडीचे शॉक हे एकत्र धरले तर औषध वाढवण्यापेक्षा अ‍ॅब्लेशन सरस ठरलं, नुसत्या मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे अशा पेशंटचं आयसीडी अ‍ॅब्लेशननंतरही काढत नाहीत. टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून त्यावर दाब येणं), स्ट्रोक, जांघेत रक्तस्राव हे धोके आहेतच.