पक्षाघातोत्तर पुनर्वसन आणि खानदेश

मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यामुळे किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे लुळ्या पडलेल्या माणसाला उठणे, चालणे, जेवणे, बोलणे ही रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून केले जाणारे उपचार म्हणजे पक्षाघातोत्तर पुनर्वसन. भौतिक वैद्यक व पुनर्वसन या वैद्यकशाखेचा हा एक मोठा भाग आहे. या विषयाची केंद्र सरकारची संस्था मुंबईत हाजी अलीला 1955 पासून आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत या आजाराला ‘लकवा’ म्हणतात. जुनी माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ असेही सांगतात.

मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही. त्याच्या आसपासचे आणि मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्या बाजूचे काही भाग गेलेले काम थोडेफार शिकून घेतात, आणि रुग्णाने स्वतः धडपड केली तरच हे शिकणे घडते. तेल लावून अंग चोळल्याने बरे वाटते, सांधे आखडू नयेत म्हणून हात-पाय हलवून देणेही गरजेचे असते. पण दुसऱ्याने हलवलेल्या हातातून मेंदू फारसे शिकत नाही. कबुतराचे रक्त चोळण्याचा उपाय आजही सांगितला जातो. त्याला कसलाही आधार नाही. त्यात वाया जाणारे आठवडे मात्र पुन्हा मिळत नाहीत.

आठवड्यांचे हे मोल आता संशोधनातून बरेच स्पष्ट झाले आहे. अमेरिकेत 72 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना नेहमीच्या उपचारांखेरीज हाताच्या सरावाचे 20 तास जादा दिले गेले. काहींना ते पहिल्या महिन्यात मिळाले, काहींना दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान आणि काहींना सहा महिन्यांनंतर. सर्वांत जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांच्या गटाला झाला, पहिल्या महिन्यातल्या गटाला त्याहून कमी. सहा महिन्यांनंतरच्या गटात तो दिसला नाही. खानदेशातल्या कुटुंबाची ओढाताण नेमकी याच काळात होते. दवाखान्यातून सुट्टी झालेली असते, पैसा संपत आलेला असतो, शेतीची कामे अंगावर आलेली असतात आणि ‘आता घरीच आराम करा’ हा सल्ला सगळ्यांनाच सोयीचा वाटतो.

घाईही बरी नव्हे. पाच देशांतल्या 56 रुग्णालयांत 2104 रुग्णांवर झालेल्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत (2015) एका गटाला झटका आल्यापासून 24 तासांच्या आत अंथरुणातून उठवून वारंवार उभे केले, चालवले. तीन महिन्यांनी या गटातले 46 टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्या गटात हे प्रमाण 50 टक्के निघाले. पहिल्या दिवशी जोर लावू नये, आणि नंतर उठवायचे तेही थोडा थोडा वेळ पण पुन्हा पुन्हा, असा याचा अर्थ घेतला जातो.

सहा महिने उलटून गेलेल्यांसाठी दार बंद होत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील उपक्रमात तीन आठवड्यांत 90 तास हाताचा सराव दिला जातो. झटक्याला साधारण दीड वर्ष होऊन गेलेल्या रुग्णांतही तिथे ठळक सुधारणा नोंदली गेली (2019). तिथे तुलनेचा दुसरा गट नव्हता हे खरे, तरी ‘आता काही होणार नाही’ असे रुग्णाच्या तोंडावर सांगणे चूक आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

सराव किती करायचा, हा यापुढचा प्रश्न. उत्तर अमेरिकेतल्या उपचार केंद्रांत बसून केलेल्या एका निरीक्षणात (2009) असे आढळले की, हाताच्या एका सत्रात रुग्ण उपयोगाची हालचाल सरासरी 32 वेळा करतो. प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसले ते रोजच्या शेकडो आवर्तनांनंतर. यावरून नुसता आकडा वाढवला की झाले, असे मात्र नाही. जुन्या रुग्णांवरच्या 2016 मधील चाचणीत 3200, 6400 आणि 9600 आवर्तने देऊन पाहिली. जास्त आवर्तनांनी जास्त फायदा झाला नाही. काम ओळखीचे, थोडे अवघड आणि रुग्णाला स्वतःला हवेसे वाटणारे असावे लागते.

इथे खानदेशातले घर आणि शेत उपयोगी पडते. पऱ्हाटीची सुकलेली, उमललेली बोंडे सुपात घेऊन बसावे. एका हाताने बोंड धरायचे, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे पाकळ्यांमध्ये घालून कापूस ओढायचा, मनगट किंचित वळवायचे आणि बोटे उघडून तो टोपलीत सोडायचा. लकव्यात चिमटीत धरण्यापेक्षा सोडणे अवघड जाते, आणि कापूस बोटाला चिकटत असल्याने तोच सराव आपोआप होतो. ज्या बाईने पन्नास वर्षे कापूस वेचला, तिच्या हाताला ही हालचाल शिकवावी लागत नाही, आठवावी लागते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर थापताना दोन्ही तळवे एकत्र लागतात. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला केळीच्या फण्या उचलून क्रेटमध्ये रचण्याचे काम देता येते. रबराचा चेंडू दाबत बसण्यापेक्षा ही कामे सरस आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

चांगला हात बांधून ठेवून अधू हाताला कामाला लावण्याच्या पद्धतीला ‘एक्साइट’ चाचणीने (2006) भक्कम पाया दिला. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या 222 जणांवर ती झाली. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड मोजा आणि रोज काही तास सराव, असा क्रम होता. फायदा वर्षभरानंतरही टिकला. मनगट आणि बोटे थोडी तरी वर उचलता येणाऱ्यांसाठीच ही पद्धत आहे.

यंत्रांची कथा निराळी आहे. ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2019) रोबोटच्या मदतीने केलेला सराव नेहमीच्या उपचारांहून सरस ठरला नाही. अमेरिकेत 408 जणांवरच्या चाचणीत (2011) पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवणे आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन व्यायाम घेणे यांत वर्षअखेरीस फरक उरला नाही. छातीत उपकरण बसवून, सराव चालू असताना मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला सौम्य विद्युत्‌ स्पंदने देण्याची पद्धत 108 रुग्णांच्या चाचणीत (2021) उपयोगी ठरली, पण तीही सरावासोबतच. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने हात-पाय लवकर सुधारतील ही आशा 3127 रुग्णांच्या चाचणीत (2018) फोल ठरली. उलट त्या गटात हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले.

मग घरच्यांनाच शिकवून मोकळे व्हावे का? हा प्रश्न भारतातच तपासला गेला. ‘अटेंड’ चाचणीत (2017) 14 रुग्णालयांतल्या 1250 रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच होते. सुनेवर किंवा मुलावर सगळा भार टाकून फिजिओथेरपिस्टची जागा भरून निघत नाही, हे यातून दिसते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून अधू माणसाला आठवड्यातून तीनदा घाट उतरवून आणणे कुणाला परवडणार? तपासलेल्या माणसाचा हात गावात जाऊन पुन्हा पुन्हा पाहील अशा फिजिओथेरपिस्टची नेमणूक हवी.

घरच्यांनी एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळावी : खांदा. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनाने दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढी पोकळी हाताला लागते. अशा वेळी खाटेवरून उठवताना हात ओढला किंवा काखेत हात घालून उचलले, की आतले बंध ताणले जातात आणि जी कळ सुरू होते ती महिनोन्‌महिने रुग्णाला व्यायामाजवळ फिरकू देत नाही. कमरेला घट्ट बांधलेले उपरणे धरून, अधू बाजूला उभे राहून उठवावे. बसवल्यावर कोपराखाली उशी द्यावी.

उजवी बाजू गेलेल्यांपैकी अनेकांची वाचाही जाते, कारण बहुतेकांची बोलण्याची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असतात. तपासणी बहुधा प्रमाण मराठीत होते. एखादे आबा महिनाभराने पहिले वाक्य बोलतात, ‘मना हात उठत नही’. अहिराणी न जाणणाऱ्याला यातला ‘मना’ (म्हणजे ‘माझा’) चुकलेला शब्द वाटू शकतो, प्रत्यक्षात ते वाक्य बिनचूक आहे. लेवा गणबोली किंवा पावरी बोलणाऱ्यांचेही असेच होते. म्हणून रुग्ण घरात कोणती बोली बोलत होता हे आधी विचारावे, आणि चित्रे दाखवून शब्द विचारताना ती बोली जाणणाऱ्या घरातल्या माणसाला शेजारी बसवावे.