कापूस आपला, टॉवर परळचे

जळगावात रिक्षावाल्याला "सतरा मजली" एवढं म्हटलं तरी पुरतं, तो सरळ महापालिकेसमोर नेऊन सोडतो. आम्हाला त्याच उंचीचं केवढं कौतुक. आता भाचा लोअर परळला नोकरीला लागलाय आणि ऑफिसच्या खिडकीतून फोटो पाठवतो, तर त्यात सतरा मजली इमारती तळाशी कुठंतरी दबलेल्या दिसतात. मामा हे एवढं सगळं उभं कधी राहिलं, असं त्यानं विचारलं म्हणून हे लिहायला बसलो, कारण गोष्ट सुरू होते ती आपल्या कापसापासून.

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, ती ताडदेवला. पुढं 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला, इंग्रज हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडले आणि त्याच दशकात रेल्वे खान्देशात आली. मग काय, इथल्या गाठी थेट मुंबईला. बंदरातून विलायतेला आणि थोड्या वर्षांनी परळ-लालबागच्या गिरण्यांतसुद्धा. गिरण्या वाढल्या तसे कामगार आले, एकेका खोलीत दहा-बारा जण झोपायला लागले, 1896 ला प्लेग आला तेव्हा कुठं सरकारचे डोळे उघडले. 1898 ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था, 1920 च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळी, 160 चौरस फुटांची खोली. म्हणजे दाटी आधीपासूनच होती, फक्त ती आडवी होती.

वर जायला दोन गोष्टी आड आल्या. 1947 चा भाडे नियंत्रण कायदा, त्यामुळे भाडं गोठलं आणि मालक दुरुस्तीला हात लावेना. दुसरी गोष्ट एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं ते. मुंबई शहर भागात हा आकडा बरीच वर्षं 1.33 होता. हजार मीटरचा प्लॉट असेल तर बांधकाम एक हजार तीनशे तीस मीटर, संपलं. तीन बाजूंनी समुद्र आणि वर ही मर्यादा, मग जागेचा भाव आभाळाला भिडणार नाही तर काय.

आता खरी गोष्ट. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत. गिरण्या आजारी पडल्या पण खालची जमीन सोन्याची होती, 58 गिरण्यांची मिळून 600 एकरांच्या घरात. 1991 च्या नियमात ठरलं की जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेला, उरलेली मालकाला. ऐकायला झकास. पण 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. आता गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती, सगळी शेडच शेड! माझ्या मते सगळी मेख 'मोकळ्या' या एका शब्दात आहे. मामला सुप्रीम कोर्टात गेला, 2006 ला कोर्टानं दुरुस्ती कायम ठेवली आणि मग क्रेन थांबल्याच नाहीत. श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन उभा राहिला, 280 मीटर. बीडीडी चाळींचाही पुनर्विकास चालू आहे, 160 फुटांच्या बदल्यात 500 फुटांचं घर, टॉवरमध्ये.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही, फक्त ठेंगणी. जळगावची खान्देश मिल 1870 च्या दशकातली, स्टेशनजवळ, तीही बंद पडली. तिथं आता खान्देश सेंट्रल आहे. आमच्या घरात मात्र अजून "मिलकडे जाऊन येतो" असंच म्हणतात, भाच्याला वाटायचं ते त्या भागाचं नावच असेल.