ब्लड कॅन्सरची औषधं आणि बुरशीच्या तपासण्या: मागची गोष्ट

मे २०२१ मध्ये जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मेडिकलच्या दारात जी माणसं चिठ्ठी घेऊन फिरत होती ना, त्यातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं, अँफोटेरिसिन, म्हणजे बुरशीवरचं इंजेक्शन. कोरोनातून उठलेल्या माणसाचा गाल सुजायचा, डोळा सुजून बंद व्हायचा, टाळू काळी पडायची आणि गावाकडची म्हातारी माणसं विचारायची, "भाऊ, माणूसना आंगमा बुरशी कशी काय लागस?" प्रश्न बरोबरच होता, आपल्याकडे बुरशी म्हणजे केळीवरचा करपा, नाहीतर फार तर गजकर्ण. जून संपेपर्यंत देशात म्युकरचे, म्हणजे या काळ्या बुरशीचे, ४० हजारांवर पेशंट झाले. पण हे इंजेक्शन आणि ही भीती, दोन्ही ब्लड कॅन्सरच्या वॉर्डात कितीतरी वर्षांपासून होतीच.

मला हे माहीत होतं कारण आमचे आप्पा. भुसावळहून रात्रीची गाडी, सकाळी दादर, गाडगे महाराज धर्मशाळा आणि तिथून टाटा हॉस्पिटल, असं आमचं दोन वर्षं चाललं. तिथं पेशंटचे नातेवाईक एकमेकांना नाव नंतर विचारतात, आधी विचारतात "आज काउंट किती?" या काउंटमध्येच, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या संख्येतच, सगळी गोष्ट आहे.

ब्लड कॅन्सरच्या औषधांची सुरुवात मुंबईतूनच होते म्हटलं तरी चालेल. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांच्या अंगात रक्त का राहत नाही ते शोधायला. यीस्टपासून बनवलेलं मार्माइट दिलं की त्या बायांचं रक्त वाढायचं, आणि त्यातला जो गुण होता त्यालाच पुढं फॉलिक अॅसिड म्हणायला लागले (आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारी गोळी तीच). मग बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बरनी ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, मुलांना फॉलिक अॅसिड देऊन बघितलं, तर रोग उलट जोरात वाढतोय असं त्यांना दिसलं. म्हणजे पेशींना वाढायला हे लागतं, तर मग हेच अडवलं तर? ते अडवणारं औषध अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमनं बनवलं, हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ च्या जूनमध्ये फार्बरनी १६ मुलांचा अनुभव छापला, त्यातली १० सुधारली होती, थोड्याच महिन्यांसाठी का होईना, पण त्याआधी मुलांच्या तीव्र ल्युकेमियाला औषधानं असं कधी मागं हटवलंच नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकात मला हे नाव कधी दिसलं नाही याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरं औषध तर आपल्या अंगणातलं. सदाफुली. कॅनडात ती डायबेटिसवर चालते का म्हणून तपासायला घेतली, उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या, त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन निघालं आणि त्याच झाडातून पुढं व्हिनक्रिस्टिन, जे मुलांच्या ल्युकेमियात आजही देतात. (आपल्याकडे अजून लोक साखरेसाठी सदाफुलीची पानं चावतात, कृपा करून नका चावू, विषारी आहे ती.)

आता मेख इथं आहे. ही औषधं कॅन्सरच्या पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही मारतात. १९६६ मध्ये जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या पेशंटचे काउंट मोजून दाखवलं की न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जितके कमी आणि जितके दिवस कमी, तितकं इन्फेक्शन जास्त. हवेतली बुरशी आपण सगळेच रोज श्वासातून घेतो, खळ्यातली धूळ म्हणा की जुना कडबा, आणि आपलं शरीर ती साफ करून टाकतं. काउंट शून्याजवळ असलेल्या माणसाचं शरीर ते करू शकत नाही. म्हणजे औषध जितकं जोरकस होत गेलं तितकी कॅन्सर आटोक्यात येऊनही बुरशीनं माणूस जायची भीती वाढत गेली.

आणि बुरशी ओळखायची कशी? जुनी रीत आजही चालते, नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचा, माणसाच्या पेशी विरघळतात, बुरशीची भिंत चिवट म्हणून उरते आणि मायक्रोस्कोपखाली दिसते. अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे धागे बारीक आणि तिरक्या फांद्यांचे, म्युकरचे रुंद, रिबिनीसारखे, जवळपास काटकोनात फुटलेले. पण फुफ्फुसात खोल असलेल्या बुरशीचा नमुना काढायचा म्हणजे प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी असलेल्या पेशंटला सुई टोचायची, ते होत नाही. कल्चरला (नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायला) दिवस जातात आणि पुष्कळदा काही उगवतच नाही. त्यामुळे पूर्वी कितीतरी जणांचं निदान पोस्टमॉर्टेमलाच व्हायचं.

म्हणून शोध रक्ताकडे वळला. अॅस्परजिलस वाढताना गॅलॅक्टोमॅनन नावाची साखर रक्तात सोडतो, ती पकडणाऱ्या टेस्टला अमेरिकेत २००३ ला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी बीटा-डी-ग्लुकानची टेस्ट आली, ती हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या निळ्या रक्तावर चालते, बुरशीच्या भिंतीचा अंश लागला की ते रक्त गोठतं. पण म्युकर या दोन्हीत सापडत नाही, म्हणूनच २०२१ मध्ये नाकात दुर्बीण, एमआरआय आणि तीच जुनी पोटॅशियमची स्लाइड यावरच सगळी भिस्त होती.

अँफोटेरिसिन १९५० च्या दशकातलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. किडनीला फार जड. ते चरबीच्या बारीक गोळ्यांत भरून सौम्य करायचं काम भारतात मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी केलं.

कॅन्सरच्या बाजूला २००१ ला इमॅटिनिबची गोळी आली, ठरावीक प्रकारच्या ल्युकेमियावर, आणि १ एप्रिल २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे तिची स्वस्त जेनेरिक आपल्याकडे टिकली. मग कार-टी, पेशंटच्याच टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढून, बदलून परत द्यायच्या. अमेरिकेत २०१७ ला आली तेव्हा किंमत पावणेपाच लाख डॉलर. आयआयटी मुंबई आणि टाटानं मिळून केलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्या मानानं बरीच स्वस्त, तरी शेतकऱ्याच्या आवाक्यात अजून नाही.

कार-टी नंतरही काउंट पडतोच, कधी कधी आठवडेच्या आठवडे, म्हणजे बुरशीची टेस्ट लागतेच. आणि एक गोष्ट खास आपल्या भागाची. करप्यासाठी केळीवर मारतो ते प्रोपिकोनॅझोल आणि अॅस्परजिलसच्या पेशंटला देतात ते व्होरिकोनॅझोल, दोन्ही एकाच घराण्यातली. शेतात अशा औषधांना सरावलेला अॅस्परजिलस आधी नेदरलँड्समध्ये आणि मग भारतातही सापडलाय, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धोकादायक बुरशांची यादी काढली तेव्हा अॅस्परजिलस फ्युमिगॅटस या जातीला सगळ्यात वरच्या गटात टाकलं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या हवेत असा औषधाला सरावलेला अॅस्परजिलस किती आहे हे कोणीतरी नमुने घेऊन मोजायला पाहिजे, कारण इथलाच कोणी केमो घेऊन घरी येतो तेव्हा त्याच्या खिडकीबाहेर बागच असते.