सहाचे बारा केले, तरी उशीर का?

हिंजवडीत चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "प्रोजेक्ट लांबलाय, अजून सहा जण मागितलेत." खड्डा खणायचा असेल तर हा उपाय ठीक आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो बहुतेक वेळा अंगाशी येतो, आणि त्यामागचं गणित मला फार आवडतं.

सहा जणांत जोड्या किती? प्रत्येकाच्या उरलेल्या पाचांशी, म्हणजे ६ × ५. पण प्रत्येक जोडी दोनदा मोजली, म्हणून निम्म्या: १५. आता बारा जण घ्या. १२ × ११, भागिले २: ६६. माणसं दुप्पट, बोलण्याचे धागे चौपटीहून जास्त! शिवाय नव्या सहांना कोड समजावणार कोण? जुनेच सहा. काम ज्यांच्या हातून होत होतं, तेच शिकवण्यात अडकतात. आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रणालीचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली हेच लिहून ठेवलं: लांबलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो.

आणि यातला एक धागा सुटला तर? एकानं ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल धरलं, दुसऱ्यानं ४ मार्च. दोघांचाही कोड आपापल्या जागी बरोबर. मंगळाकडे पाठवलेलं नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ मध्ये अशाच गफलतीनं गेलं. एका गटाचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, दुसरा गट ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. म्हणजे जवळपास साडेचार पटींचा फरक. मार्गात काहीतरी चुकतंय हे काहींना जाणवलंही होतं, पण ती शंका रीतसर नोंदवली गेली नाही.

अमावस्या टाळून गो-लाइव्हची, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणण्याची, तारीख ठरवणारी माणसं आपल्याकडे आहेत. तिथीमुळे तारखेचा फॉरमॅट बदलत नाही. तिथी बघण्यातला वेळ एकमेकांना विचारण्यात घालवावा.

पण विचारायचं धाडस कुठून येतं? हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतले गट अभ्यासले. चांगल्या गटांत औषध देण्यातल्या चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले: जिथे एकोपा जास्त, तिथे नोंदलेल्या चुकाही जास्त. तिथली माणसं चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होती. इतरत्र त्या झाकल्या जात असाव्यात.

उद्याच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, कुणी नवखा "मला हे कळलं नाही" म्हणाला, तर सीनियर त्याच्याकडे कसं बघतात, तेवढं पाहा.