डिस्कची स्थिर ओळख (सर्व्हर)

सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवर बसवायची, हे बूटगणिक न बदलणाऱ्या खुणेवरून ठरवण्याची पद्धत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्क सापडतील त्या क्रमाने त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देतो. हा क्रम कायम राहील याची हमी नाही. आजची एसडीए उद्या एसडीसी होऊ शकते. ‘रस्त्यापासून तिसरे वावर’ एवढ्यावर खरेदीखत होत नाही, गट क्रमांक लागतो. इथेही तसेच.

मराठवाड्यात हिंगोली, लातूर, धाराशिवकडच्या पतसंस्था, साखर कारखाने किंवा महाविद्यालयांत सर्व्हर एखाद-दुसराच असतो आणि जाणकार माणूस जागेवर नसतो. तो छत्रपती संभाजीनगरात बसून रिमोट कन्सोलवरून काम करतो. इकडे लिपिक स्थापनेचा पेनड्राइव्ह लावून देतो. पेनड्राइव्ह एसडीए होईल असे धरून उत्तर-फाइलीत (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल) ‘एसडीबी’ लिहिले आणि त्या दिवशी पेनड्राइव्ह शेवटी सापडला, तर सभासदांच्या खात्यांची डिस्क कोरी होते. इन्स्टॉलर तक्रार करत नाही, कारण त्याने सांगितले तेच केलेले असते. भारनियमनानंतर मशीन पुन्हा सुरू होताना बॅकअपची यूएसबी डिस्क तशीच लावलेली राहिली, तरी नावे सरकू शकतात.

लिनक्समध्ये यूडेव्ह ही उपकरणांना नावे देणारी व्यवस्था ‘/डेव्ह/डिस्क’खाली पर्यायी नावे तयार करते. त्यांपैकी यूयूआयडी सर्वांच्या ओळखीचा, पण नेमका स्थापनेच्या वेळी निरुपयोगी: तो फाइल सिस्टिमचा (फॉरमॅट करताना डिस्कवर तयार होणाऱ्या मांडणीचा) ओळख क्रमांक असतो, कोऱ्या डिस्कला नसतोच आणि फॉरमॅट केला की बदलतो. डीडी या आदेशाने डिस्कची नक्कल काढली तर दोन डिस्कना एकच यूयूआयडी मिळतो. त्याची खरी जागा स्थापनेनंतरच्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कोणती फाइल सिस्टिम कुठे जोडायची याच्या यादीत. स्थापनेसाठी त्यातल्याच ‘बाय-आयडी’ या फोल्डरखालचा सिरियल क्रमांक किंवा डब्ल्यूडब्ल्यूएन (डिस्कचा जगभरात एकमेव क्रमांक) घ्यावा, ही उत्पादकाने दिलेली ओळख फॉरमॅटने पुसली जात नाही. सिरियल क्रमांक बहुधा डिस्कच्या लेबलवरही छापलेला असतो, म्हणून लिपिकाकडून फोनवर वाचून घेऊन ताडता येतो. दूरच्या गावी हा फायदा लहान नाही. ‘बाय-पाथ’ हे फोल्डर मात्र डिस्क नव्हे, ती जिथे जोडली ती खाच ओळखते. एकसारखी अनेक मशीने बसवायची आणि पहिल्या खाचेतलीच डिस्क हवी, तेव्हा ते सोयीचे.

रेड हॅट लिनक्सच्या किकस्टार्ट या उत्तर-फाइलीत ‘इग्नोरडिस्क’ या आदेशाला ‘ओन्ली-यूज’ जोडून बाय-आयडीचे नाव देता येते. उबुंटू लिनक्सच्या तशाच ऑटोइन्स्टॉलमध्ये सिरियल जुळवता येतो. आधी एलएसबीएलके या आदेशाने आकार, सिरियल आणि डब्ल्यूडब्ल्यूएन पाहून घ्यावेत.

अडचणीही आहेत. हार्डवेअर रेड कंट्रोलरमागच्या (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डामागच्या) डिस्क सिस्टिमला एकच आभासी डिस्क म्हणून दिसतात, त्यामुळे लेबलवरचा क्रमांक जुळत नाही. आभासी मशीनमध्ये व्हर्टआयओ या प्रकारच्या आभासी डिस्कला सिरियल दिलेला नसेल तर बाय-आयडीत तिची नोंदच दिसत नाही. व्हीएमवेअर या आभासी मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘डिस्क.एनेबलयूयूआयडी’ ही सेटिंग चालू करावी लागते.