कुरतडलेलं टरफल

ब्रिटनमध्ये वन्यजीवांची सर्वेक्षणं करते असं सांगितलं की पुण्यातली मंडळी हमखास विचारतात, "तिकडे वाघ नाहीत, बिबटे नाहीत, मग बघतेस तरी काय?" प्रश्न रास्त आहे. लांडगा आणि अस्वल त्या बेटावरून केव्हाच संपले. उरलेत त्यांतले बरेचसे तळहातावर मावणारे, रात्री फिरणारे आणि माणसाची चाहूल लागताच गडप होणारे. त्यामुळे प्राणी क्वचित दिसतो, खुणा मात्र रोज दिसतात. आई फोनवर विचारते, "आज काय दिसलं गं?" मी खरं ते सांगते: "दुमडलेलं पान."

पान दुमडणारा प्राणी म्हणजे न्यूट. दिसायला पालीसारखा, पण जातकुळी बेडकाची. कातडी ओली, आयुष्य अर्धं पाण्यात आणि अर्धं जमिनीवर. महाराष्ट्रात न्यूट नाही, भारतात तो बघायचा तर दार्जिलिंगच्या डोंगरांकडे जावं लागतं. ब्रिटनच्या तीन स्थानिक जातींपैकी सर्वांत मोठा तुरेवाला न्यूट, साधारण 15 सेंटिमीटर लांबीचा. पाठ काळी, खरखरीत. पोट भडक नारिंगी आणि त्यावर काळे ठिपके. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. वसंतात नराच्या पाठीवर करवतीसारखा दातेरी तुरा उगवतो.

त्याची माझी पहिली गाठ इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात पडली. तिथले शेतकरी पूर्वी जमीन सुधारायला चुनखडीयुक्त माती खणून शेतात टाकायचे. त्या खड्ड्यांत पाणी साचून शेतोशेती डबकी झाली आणि न्यूटांना घरं मिळाली. एप्रिलच्या रात्री गुडघाभर बूट घालून, हातात जबर प्रकाशाची विजेरी घेऊन मी अशाच एका डबक्याकाठी उभी होते. तासभर काही नाही. मग प्रकाशाच्या झोतात एक मादी पाणवनस्पतीच्या पानाला मागच्या पायांनी धरून घडी घालताना दिसली, पानाचा विडा करावा तशी. घडीत एकच अंडं. पुढचं अंडं, पुढचं पान. एका हंगामात असे दोनेकशे विडे!

यातली निम्मी अंडी मरणारच असतात, आणि तेही शत्रूमुळे नव्हे. या न्यूटांच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राचे दोन प्रकार आहेत. जगायचं तर दोन्हींची एकेक प्रत हवी. आईकडून एक, बापाकडून एक असं वाटप होताना निम्म्या पिल्लांना एकाच प्रकारच्या दोन प्रती मिळतात आणि ती अंड्यातच वाढायची थांबतात. हा तोटा या प्रजातीतल्या सगळ्या जाती लाखो वर्षं सोसत आल्यात. निसर्ग काटकसरी असतो असं कुणी म्हणालं की मला ही मादी आठवते.

कायद्याने या प्राण्याला कडक संरक्षण आहे. परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, त्याचं डबकं बुजवता येत नाही. इमारती बांधणारे त्याच्या नावाने बोटं मोडतात, त्यात नवल नाही. हल्ली तर न्यूट बघावाही लागत नाही. डबक्याच्या काठाने 20 ठिकाणचं पाणी पळीपळीने गोळा करून प्रयोगशाळेत पाठवायचं. कातडी आणि विष्ठेतून पाण्यात मिसळलेला डीएनए सापडला की न्यूट "आहे". सोय मोठी, पण रात्री डबक्याकाठी उभं राहण्याची मजा गेली, असं मला आपलं वाटतं.

वटवाघळांची ओळख पटते ती कानांनी. आपल्याकडच्या पाकोळीएवढं, पाचेक ग्रॅमचं पिपिस्ट्रेल तिथल्या घरांच्या कौलांखाली राहतं. त्याची हाक माणसाच्या कानापलीकडची. हातातलं यंत्र स्वतःचा एक सूर काढतं आणि दोन सुरांमधला फरक आपल्याला ऐकवतं. ओल्या हाताने टाळ्या वाजवल्यासारखा. यंत्राचा सूर बदलणारी चकती फिरवत जायची. टाळी सर्वांत खर्जात 45 किलोहर्ट्झला आली तर एक जात, 55 ला आली तर दुसरी. 1990च्या दशकापर्यंत या दोघी एकच मानल्या जात. आवाजावरून संशय आला, डीएनएने शिक्कामोर्तब केलं.

मला खरा धडा दिला तो हेझेल डॉरमाउसने. सोनेरी लव, झुपकेदार शेपूट, मोठे काळेभोर डोळे. नावात उंदीर असला तरी हा खरा उंदीर नव्हे. उन्हाळ्यात झाडाझुडपांवरच राहतो, जमिनीवर क्वचित उतरतो. म्हणून शोधायची ती त्याने खाऊन टाकलेली हेझेलनटची टरफलं. 1993 साली तर हजारो हौशी लोकांनी देशभर अशी टरफलं वेचली होती.

इंग्लंडच्याच डेव्हन परगण्यातल्या रानात पहिल्या वर्षी मी पिशवीभर टरफलं आणली आणि ऐटीत जाहीर केलं, "डॉरमाउस!" बरोबरच्या ज्येष्ठ बाईंनी भिंग लावून एकेक टरफल बाजूला सारलं. सगळी रानउंदरांची आणि व्होलची, म्हणजे आखूड शेपटीच्या उंदरासारख्या प्राण्याची. उंदीर आणि व्होल भोकाच्या आतल्या कडेवर आडवे दात उमटवतात. डॉरमाउस फळ फिरवत फिरवत कुरतडतो, त्यामुळे आतली कड लेथवर घासल्यासारखी गुळगुळीत होते, आणि दातांचे तिरके ओरखडे राहतात ते बाहेरच्या पृष्ठभागावर. "बोट फिरवून बघ," बाई म्हणाल्या. पुढचे दोन हंगाम मी नुसतं बोट फिरवत होते.

हे प्राणी झपाट्याने कमी होतायत. कुंपणाची झुडपं यंत्राने छाटली जातात, रानांची निगा राहत नाही. वर्षातले पाच-सहा महिने तर हा झोपेतच असतो, जमिनीलगत पालापाचोळ्यात.

डॉरमाउस हाताळायचा परवाना मिळाल्यावर मेमधल्या एका गार सकाळी मी लाकडी घरटी-पेट्या तपासत होते. पेटीचं भोक बुंध्याकडे असतं, म्हणजे त्याला खोडावरून थेट आत शिरता येतं. भोकात चिंधी कोंबून पेटी उतरवली, मोठ्या पिशवीत ठेवून झाकण सरकवलं. आत हनिसकल नावाच्या वेलीच्या सालीचा विणलेला गोळा. त्याच्या मध्यात तो, शेपूट तोंडावर घेऊन, थंडीने गुंगलेला. मी श्वास रोखला, तेव्हा बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. घोरत होता! वजन केलं, 18 ग्रॅम. तरी जागा झाला नाही. गोळा होता तसा बंद करून मी पेटी परत टांगली, भोक बुंध्याकडे.